छतावरच्या म्हशी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवीसमोर हात जोडते तेव्हाही नाही — तिथं मी दुसरंच काहीतरी मागत राहते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

गोष्ट एका छताची आहे. छताची कसली आलीय गोष्ट, असं वाटेल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटावं असं वाटत होतं.

मंगळवार पेठेत आमचं घर. मागच्या अंगाला पूर्वी गोठा होता, माझ्या सासूबाईंच्या म्हशींचा. सासूला आमच्याकडे आत्ती म्हणतात. आत्ती सकाळ-संध्याकाळ म्हशी घेऊन दूधविक्रीच्या कट्ट्यावर जायच्या आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धार काढून दूध द्यायच्या. त्या दुधावर मी शिकले. मी नेसरीकडची, बारावी होताच लग्न झालेली. माहेरी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. आत्तीच म्हणाल्या, "धारा मी काढतो, शेण मी भरतो. तू पुस्तक धर." माझी लेक तान्ही होती. गोठ्यात झोळी बांधून त्यांनी तिला वाढवलं, आणि मी बी.ए. झाले, बी.एड. झाले, शाळेत लागले. निकालाच्या दिवशी त्या कट्ट्यावर ओरडून सांगत होत्या, "आज माप सांडंपर्यंत घ्या! सून ग्रॅज्युएट झाली!"

हे आधी सांगितलं, कारण पुढचं वाचताना तुम्हाला ते माहीत असायला हवं. मलाही ते माहीत होतं.

आत्तींचे गुडघे गेले तशा चंद्री, मोरी, सगळ्या म्हशी विकल्या. गोठ्याच्या जागी ह्यांनी स्लॅबची खोली बांधली आणि हौसेनं छताला टेक्स्चर करून घेतलं. पुट्टीचे जाड दाणे, फुगवटे, वळ्या — तेव्हा तशी पद्धत निघाली होती. आत्तींनी मान वर केली आणि लेकाला विचारलं, "छताला गोवर आलाय काय रं?" आम्ही पोट धरून हसलो. मला मात्र ते छत कधीच आवडलं नाही. जळमटं धरायचं, आणि झाडू लावला की दाणे डोळ्यांत पडायचे.

मग आत्ती न्हाणीत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ते नीट जुळलंच नाही. त्या खोलीत त्या कायमच्या पडून राहिल्या — उताण्या, नजर वर.

एकदा चहा घेऊन गेले तर म्हणाल्या, "ती बघ चंद्री."

"कुठं, आत्ती?"

"पंख्याच्या बाजूला. एक शिंग खाली, एक वर. तिच्या मागं मोरी. आन् कोपऱ्यात ते रेडकू, आईला हुडकतंय."

मी पाहिलं. खरंच दिसत होत्या. पुट्टीच्या एका वळीला चंद्रीचं ते वाकडं शिंग होतं. मग आत्ती आणखी एक वाक्य बोलल्या. ते मी शेवटी सांगेन. आत्ता धीर होत नाही.

तेव्हापासून रोज धारेच्या वेळी त्या हाक घालू लागल्या. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवून गल्लीतून पळवतात. मालक मोटारसायकलवर पुढं आणि म्हैस त्याच्या हाकेसरशी मागं. आत्तींकडे कुठली मोटारसायकल! त्या कोपऱ्यावर उभ्या राहून नुसती हाक घालायच्या आणि चंद्री गर्दी फोडून यायची. तीच हाक. "चंद्रेऽऽ! ये गं माझी बाय, येऽऽ!" अख्ख्या गल्लीला ऐकू जायची. शेजारीण मला दारात गाठून म्हणाली, "बाई, आत्तींनी परत म्हशी घेतल्या व्हय? वास न्हाय आला तो!" मी हसले. घरात येऊन दार जरा जोरातच लावलं.

लेकीला कुरुंदवाडचं स्थळ आलं. चांगली माणसं, मुलगा इंजिनिअर. पाहुणे संध्याकाळी येणार होते — नेमके धारेच्या वेळी. माझ्या कानात ती हाक घुमायला लागली. काय म्हणतील? म्हातारीला वेड लागलंय म्हणतील. घराण्यात आहे म्हणतील.

पाहुणे यायच्या आदल्या आठवड्यात मी आत्तींची खाट बाहेरच्या खोलीत आणली आणि रंगारी बोलावला. त्यानं छतावर पाणी मारून लोखंडी पट्टीनं ते दाणे खरवडायला घेतले. आवाज घरभर येत होता.

"काय खरवडतंय गं?"

"छत, आत्ती. डॉक्टर म्हणाले, त्याची धूळ तुमच्या छातीत जाते."

डॉक्टर असलं काही म्हणाले नव्हते.

आत्ती म्हणाल्या, "बरं केलंस. तू शिकलेली हाईस, तुला कळतंय."

पाहुणे आले तेव्हा आत्तींची खाट परत आत नेलेली होती आणि छत कागदासारखं पांढरं होतं. पाहुणेमंडळी आत्तींना भेटायला आत गेली. मी दारात ट्रे धरून उभी. आत्ती म्हणाल्या, "पावणं, माझ्या छातीला धूळ लागती म्हणून सुनेनं आक्खं छत काढून नवं केलं बघा. कोण करतंय आजकाल?" मुलाच्या आईनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. "आसल्या घरची पोरगी मिळाली, आणि काय पायजे!" म्हणाली. तिथंच सुपारी फुटली.

लेक सुखात आहे. तिची सासू अजून चारचौघांत ते छत सांगते. मी मान खाली घालते आणि लोकांना तो विनय वाटतो.

आता ते वाक्य.

पहिल्या दिवशी चंद्री दाखवल्यावर आत्तींनी माझा चेहरा वाचला होता. हसून म्हणाल्या होत्या, "अगं, मला याड न्हाय लागलेलं. पुट्टी हाय ती, कळतंय की मला. पर येळ जातोय."

म्हणजे मला माहीत होतं. त्या पूर्ण शुद्धीत होत्या. "आत्ती, आज पाहुणे येणार आहेत, आज हाक घालू नका" — एवढं म्हटलं असतं तर त्या संध्याकाळभर गप्प बसल्या असत्या. लेकीसाठी तर वर्षभर बसल्या असत्या. मग का नाही म्हटलं? तसं म्हणायचं तर मला तुमची लाज वाटते हे त्यांच्या तोंडावर म्हणावं लागलं असतं. ते मला नको होतं. मला चांगली सूनही राहायचं होतं. म्हणून एकदा विकल्या गेलेल्या त्यांच्या म्हशी मी पुन्हा घालवल्या, आणि वर त्यांच्याकडून शाबासकी घेतली.

त्यानंतर हाक कधी आली नाही. आत्ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून मी त्यांना उताणं करायची. उताणं केलं की त्या डोळे मिटून घ्यायच्या. जाग्या असायच्या, पापण्या हलताना मला दिसायच्या.

भेटायला येणाऱ्यांना मी सांगायची, आत्तींना आता शांत झोप लागते.