अमोनियम सल्फेट आणि जालिंदरचा ऊस

आमचे लालासाहेबकाका लष्करातून निवृत्त होऊन कडेगावात ऊस करतात. पण नजर कायम बांधापलीकडच्या जालिंदरच्या उसावर. त्याचं पान जरा जास्त हिरवं दिसलं की काकांना जेवण जात नाही.

यंदा काकांनी अमोनियम सल्फेटचं खत आणि चुना दोन्ही आणलं. वेगवेगळं दोनदा टाकलं तर जालिंदर बघून नक्कल करील, म्हणून खोपीत दार लावून दोन्ही पाण्यात एकत्र कालवलं. लगेच डोळे चोळत बाहेर आले.

मी रसायनशास्त्र शिकलेली, म्हणून मला हाक मारली. मी खोपीच्या दारावर खडूने समीकरण लिहिलं.

(NH₄)₂SO₄ + Ca(OH)₂ → CaSO₄ + 2NH₃ + 2H₂O

“ह्यो उजवीकडचा पयला दोन कशाला?”

“डावीकडं नायट्रोजन दोन हायत, काका. तेवढेच उजवीकडं पायजेत. ते अमोनिया वायू होऊन उडाले. उसाला काय राहिलं न्हाई.”

“उडून गेलं कुठं?”

“वाऱ्यावर.”

काकांनी उसाचे शेंडे कुठे झुकलेत ते पाहिलं. वारा बांधापलीकडे वाहत होता.

“म्हंजी माझं खत त्याच्या उसाला व्हय,” काका म्हणाले आणि मी पुढचं समजावून सांगायच्या आत जालिंदरला जाब विचारायला निघाले.