भोपळ्यावरची टिचकी

आज बाजारात एक बाई नारळ कानाशी धरून वाजवत होती. नारळवाला वैतागला, "ताई, नारळ घ्यायचाय की तबला?"

मला ती आवडली. माझा नवरा गेला तेव्हा पदरात दोन पोरं होती. तंबोऱ्याच्या कारखान्यात मी झाडलोटीचं काम मागायला गेले. मालक वाळलेले भोपळे निवडत होते. त्यांनी निवडलेल्या एकावर मी सवयीने टिचकी मारली.

"हा बद्द वाजतोय. चिरलाय."

त्यांनी उजेडात धरला. चीर सापडली.

"गाणं शिकलात का, बाई?"

"नाही. मडकी वाजवून घेते."

झाडू हातात आलाच नाही, जन्मभर भोपळे निवडले. गाणं अजून कळत नाही.

आज दोन-तीन नारळांवर टिचकी मारून त्या बाईला म्हटलं, "तो ठेव, हा घे."

नारळवाला म्हणाला, "आजी, उद्यापासून इथंच बसा."