बिलावरचं नाव

मी करसंकलन कार्यालयात खिडकीवर बसतो. मोशीचे एक म्हातारे गृहस्थ दरवर्षी घरपट्टीचं बिल घेऊन येत आणि एकेका ओळीवर बोट ठेवून विचारत, "सायेब, ह्यो वृक्षकर कशाचा?" मी समजावून सांगितलं की हसून "व्हय, व्हय" म्हणत. घर बायकोच्या नावावर होतं, म्हणून महिलांची सवलत मिळे.

यंदा त्यांनी बिलाआधी तिच्या मृत्यूचा दाखला पुढे केला. "सवलत काढून टाका. नाव तेवढं ऱ्हाऊ द्या."

"बाबा, नाव बदलावंच लागतं," म्हणत मी वारसनोंदीचा अर्ज दिला.

त्यांनी तो उलटसुलट पाहिला. "म्हंजे आता तिच्या नावाचं घरी काहीच येणार न्हाई," ते म्हणाले, आणि मागच्या माणसाला वाट करून दिली.