नमुन्याचा खालचा भाग

मी ज्या माणसाचं सर्वांत जास्त देणं लागतो ती माझी दिघाशीची आत्या. खारबावच्या शाळेपासून भिवंडीच्या कॉलेजपर्यंत मी तिच्याच घरी राहिलो, तिच्या हातचा डबा नेला. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, तो तिच्यामुळे.

तिचे यजमान, ज्यांना मी मामा म्हणायचो, भाजीच्या मळ्यात मोटर चालू करताना गेले. पेटीतली वायर उघडी होती. शवविच्छेदन म्हटलं की चिरफाड, पोलीस, प्रेत दुसऱ्या दिवशी हाती; म्हणून थोरल्यांनी त्याच दुपारी अंत्यविधी उरकून टाकला. तिसऱ्या दिवशी ग्रामसेवकाकडचा मृत्यू नोंदणीचा छापील नमुना माझ्यापुढे आला. शिकलेला मीच होतो.

"हार्टचा झटका आला म्हणून लिव," चुलते म्हणाले. "पोलिसांना काय सांगशील, जालला कशापायी?"

आत्या भिंतीला टेकून बसली होती. "मोटरीनं धरला त्यांना. खरा हाय ता लिव, पोरा."

माझी नोकरी लागत होती, पोलीस पडताळणी बाकी होती. चौकशीत आपलं नाव नको, एवढाच विचार तेव्हा डोक्यात होता. मी 'हृदयविकार' लिहिलं आणि तिला समजावलं, "दाखल्यावर कारण येतच नाही, आत्या." ते खरं होतं. कारण असतं नमुन्याच्या खालच्या भागात. तो फाडून गणतीसाठी वर जिल्ह्याच्या कचेरीत पाठवतात.

त्याच कचेरीत मी लागलो. परवा देशभरातल्या अपघाती मृत्यूंचा छापील अहवाल आला. शेजारच्या टेबलावरचा सहकारी आमच्या तालुक्याची जुनी यादी चाळत हसला, "काय रे, दिघाशीला सगळे हार्टनंच जातात? विजेचा एक पण न्हाय. तुमच्याकडं करंट येतो तरी का?"

सगळे हसले. मीही हसलो. मग बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. अहवालातल्या विजेच्या मृत्यूंच्या मोठ्या आकड्यात मामा नव्हते. मळ्यात मात्र तीच पेटी होती. दुखणं हृदयाचं ठरल्यावर वायर कोण बदलणार? आता आत्याचा मुलगा, माझा दादा, तीच मोटर चालू करतो.

त्या दिवशी हे पत्र टाकलं:

ती. आत्यास सा. नमस्कार.

तू सांगितलंस ते मी लिहिलं नाही. मामांना करंट लागला, मी हृदयविकार लिहिला. चुलत्यांनी सांगितलं खरं, पण लिहिलं मी माझ्या नोकरीसाठी. तुला दाखल्याचं सांगून गप्प केलं, त्याची जास्त लाज वाटते. दुरुस्तीचा अर्ज दिला आहे, खोटं मी लिहिलं असं त्यात लिहून सही केली आहे. दुरुस्ती होईल की नाही, नोकरीचं काय होईल, ठाऊक नाही. रविवारी वायरमनला घेऊन येतो. तोवर दादाला मोटरीला हात लावू देऊ नकोस. वहिनीकडून हे वाचून घे. चुलत्यांसमोर वाचलं तरी चालेल.

तुझा भाचा