न पेटणारा वायू

लग्नानंतरची पहिली काही वर्षं आम्ही अंबरनाथला चाळीत राहत होतो. हे रंगाच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला होते आणि मी रोज दुपारी उल्हासनगरला शिवण शिकवायला जायची. उल्हासनगर असं तेव्हा फारसं कुणी म्हणत नसे, सगळे नुसतं कॅम्प म्हणत. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं लष्कराच्या रिकाम्या बराकींत राहत होती. तिथल्याच एका बराकीत आमचं शिवणकेंद्र होतं.

केंद्राच्या बाहेर एक वयस्कर सिंधी गृहस्थ गॅसचे फुगे विकत. तिकडे सिंधमध्ये त्यांचं अत्तराचं दुकान होतं म्हणे. सगळे त्यांना साई म्हणत, मीही म्हणायची. ते मला अदी म्हणत, म्हणजे ताई. फुग्यांचा गॅस ते स्वतःच तयार करत. एका जाड लोखंडी नळकांड्यात कॉस्टिक सोडा, फुटक्या ॲल्युमिनियमच्या भांड्यांचे तुकडे आणि पाणी घालून तोंड घट्ट बंद करायचं. आत खदखद सुरू व्हायची आणि नळकांडं हात लावू नये इतकं तापायचं. वरच्या नळीला फुगा लावला की तो फुगून आकाशाकडे ओढ घ्यायचा.

ह्यांनी मला समजावलं होतं, तो हायड्रोजन. हवेपेक्षा कितीतरी हलका, म्हणून वर जातो. "पण ठिणगीला फार हळवा आहे. साईंना सांग, विडीवाल्यांपासून लांब उभे राहा." मी सांगितलं होतं. साई म्हणाले होते, "अदी, मी स्वतः कधी विडी ओढत नाही."

महाशिवरात्रीला अंबरनाथच्या देवळापाशी मोठी जत्रा भरते. त्या वर्षी साईंनी तिथे फुगे मांडले होते. मी दर्शन घेऊन परतताना त्यांनी हाक मारली. नळी सैल झाली होती, ती आवळायला त्यांना दोन्ही हात हवे होते. "जरा धरा अदी," म्हणत त्यांनी फुग्यांचा अख्खा घोस माझ्या हातात दिला. तेवढ्यात वारा सुटला. घोस आडवा झाला आणि शेजारच्या भजीवाल्याच्या चुलीवर गेला.

आवाज फार मोठा झाला नाही. भप्पकन उजेड झाला एवढंच आठवतं. फुगे क्षणात संपले, पण माझ्या पदराने पेट घेतला होता. साईंनी स्वतःच्या अंगावरची चादर माझ्याभोवती गुंडाळली आणि आग विझवली. तोवर उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला होता.

बरी होईपर्यंत मी बदलापूरजवळ चामटोलीला सासरी राहिले. साई तिथे यायचे. स्टेशनपासून उन्हातून चालत यायचे, खजुराचा पुडा ओटीवर ठेवायचे आणि बाहेरच्या पायरीवर बसायचे. आत या म्हटलं तरी यायचे नाहीत. सासूबाई एकदा त्यांना म्हणाल्या, "वाऱ्याला कोन आवरनार? तुमी काय मुद्दाम केलं नाय." साईंनी मान हलवली. "वारा देवाचा, आई. घोस तर मी दिला ना हातात."

ह्यांना त्यांची फार दया यायची. त्यांच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून एकदा हे पायरीवर त्यांच्याशेजारी जाऊन बसले. म्हणाले, "साई, दोष तुमचा नाही, त्या वायूचा आहे. हायड्रोजनचा स्वभावच तो. हेलियम असता तर काही झालं नसतं."

"ते काय?"

ह्यांना असं काही विचारलं की खुलायचेच. हेलियमही हवेहून हलका, पण पेटत नाही, कशाशीच त्याची रासायनिक क्रिया होत नाही. आधी सूर्याच्या उजेडात सापडला, मग पृथ्वीवर. परदेशात मोठाल्या विमानफुग्यांत तोच भरतात. खोल समुद्रात बुडी मारणाऱ्या माणसांच्या श्वासाच्या हवेतही मिसळतात. पराकोटीचा थंड केला की त्याचा द्रव होतो.

साई ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे न पेटणारा गॅस आहे दुनियेत. आणि मी पेटणारा भरत होतो."

"अहो, पण तो इथे मिळत नाही. मिळाला तरी परवडायचा नाही."

"मी शोधलाच कुठे?" साई म्हणाले आणि उठून गेले. रात्री जेवताना हे म्हणाले, "मी गप्प बसायला हवं होतं."

साईंनी फुगे बंद केले. मग काही महिने ते काय करत होते कळलं नाही. ह्यांच्या मनाला तेही लागून राहिलं होतं. शेवटी त्यांनीच साईंना सोडावॉटरचा धंदा सुचवला. तिथलाही वायूच, पण हा आग विझवणारा. पाणी जितकं गार तितका तो त्यात जास्त मावतो, हे ह्यांनी सांगितल्यावर साई बाटल्या भरण्याआधी पाणी ओल्या गोणपाटात गार करू लागले. गोळीच्या बाटल्यांचं छोटं दुकान कॅम्पात चालायला लागलं.

मी पुन्हा केंद्रात जायला लागले. साई समोर आले की त्यांची नजर पहिली माझ्या हाताकडे जायची आणि चेहरा उतरायचा. ते मला बघवेना. म्हणून मी त्यांच्यासमोर हात पदराखाली घ्यायला लागले. मला वाटलं, दिसला नाही म्हणजे विसरतील.

एक दिवस ते केंद्राच्या दारात आले. मुली गेल्या होत्या. म्हणाले, "अदी, खरं सांगा. हात कामातून गेला ना?"

मला कळेचना. "कोण म्हणालं?"

"तुम्ही लपवता. माझी बायको म्हणते, जे लपवतात ते जास्त असतं."

इतके महिने ते हे मनात घेऊन फिरत होते. आणि त्यांना जपायच्या नादात ते माझ्यामुळेच वाढलं होतं. मी पदर बाजूला केला आणि हात त्यांच्यासमोर धरला. कातडी चकचकीत आणि सुरकुतलेली होती. त्यांनी वाकून पाहिलं, पण हात लावला नाही.

"बोटं चालतात?"

त्यांच्या सदऱ्याची बाही उसवली होती. मी त्यांना बसवलं आणि ती तिथल्या तिथे शिवून दिली. माझी बोटं सुई कशी ओढतात ते ते बघत राहिले. दोरा तोडला तेव्हा म्हणाले, "दुखतं?"

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण म्हटलं नाही. "थंडीत ओढ बसते. इतर वेळी नाही."

"थंडीत ओढ बसते," ते स्वतःशीच म्हणाले. रडले नाहीत. उलट एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघून बोलले.

त्यांचा तो सल गेला असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतर ते उघड विचारायला लागले. थंडी सुरू झाली की दुकानातून हाक मारायचे, "अदी, हात कसा आहे?" मी असेल ते सांगायची. कधी बरा आहे, कधी दोन दिवस ओढतोय. ते मान डोलवायचे आणि पुढची बाटली भरायला घ्यायचे.