अंगठा मात्र खरा होता

निजामी अमलातल्या शेवटच्या वर्षांतली ही घटना मी अजून विसरू शकलेलो नाही. लातूरच्या ठाण्यात मी नवाच अमीन होतो. अमीन म्हणजे आजचा फौजदार. मुरुडकडच्या वस्तीवरची एक विधवा म्हातारी सकाळी हजेरीच्या वेळी आली आणि उंबऱ्यातच बसली.

"सायेब, लेक नांदेडला गिरणीत हाय. पाच म्हैने झाले, पत्र न्हाई, पैका न्हाई. त्यो जित्ता हाय का न्हाई, येवढंच सांगा."

दिवस धामधुमीचे होते. रोज कुठून तरी बेवारस प्रेताची खबर यायची. मी नांदेडच्या ठाण्याला तार केली आणि खरं सांगतो, उत्तराची धास्तीच घेतली होती. म्हातारी रोज येऊन बसे. तिची नजर चुकवायला मी मागच्या दाराने जायचो.

नवव्या दिवशी नांदेडहून लेकाचा जबाब आला. तो धडधाकट होता. दर महिन्याला मनिऑर्डर करत होता आणि प्रत्येकीची पोचपावती त्याच्याकडे होती. 'पावतीवर मायचा अंगठा बघून निर्धास्त होतो,' असं त्याने सांगितलं होतं. पावत्या सोबत जोडल्या होत्या.

लेक जिवंत आहे ऐकून म्हातारी ढसाढसा रडली. मी मात्र भडकलो. कोऱ्या कागदावर तिचा अंगठा घेतला आणि पावत्यांवरचे ठसे भिंगाखाली त्याच्याशी ताडून पाहिले. अंगठा तिचाच होता.

"आजी, पैसे घेऊन आम्हालाच पळवता?"

"लेकाची आण, सायेब! दमडी न्हाई पाह्यली."

"मग अंगठा कुठं कुठं उठवला?"

"लेव्हीच्या कागदावर. दुकानदार आणतो म्हैन्याला."

लेव्ही म्हणजे सरकार शेतकऱ्याकडून सक्तीने घेई ते धान्य. मी विचारलं, "जमीन किती तुमची?"

"ढेकूळ न्हाई."

"मग लेव्ही कशाची?"

"सरकारी कागद म्हणला त्यो. आपण कसं इचारावं?"

हा दुकानदारच गावाची पत्रं वाचून दाखवायचा. टपालवाल्याला दटावताच तो कबूल झाला: वस्तीपर्यंत पायपीट नको म्हणून तो पत्रं आणि पैसे दुकानातच देई, अंगठा दुकानदार आणून देई. झडतीत गुळाच्या ढेपीमागे लेकाची फोडलेली पत्रं सापडली. दुकानदार माझे पाय धरू लागला.

म्हातारीचा जबाब मुन्शीने उर्दूत लिहिला. मी शाई पुढे केली. तिने हात पदराखाली घेतला.

"दुसऱ्या कुणाकडून वाचून घेते, मग उठवते."

मला राग आला, आणि लगेच लाज वाटली. तोवर वाचून न दाखवता मी कित्येक जबाबांवर अंगठे घेतले होते. समोरच्या शाळेतले मास्तर बोलावले. ते मराठीत सांगता सांगता अडखळले. घाईत मुन्शीने आरोपीच्या जागी तिच्या लेकाचं नाव लिहिलं होतं.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत परक्या माणसाकडून कागद वाचवून घेतल्याशिवाय मी एकही अंगठा घेतला नाही. तुम्हीही तसा देऊ नका, समोर पोलीस असला तरी.