एका फोनमधली एकतीस घरं

दुकानात माल कमी पडतो, किस्से कधी कमी पडत नाहीत. राहुरीत माझं आणि दिलीपचं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही 'स्मार्ट होम' सुरू केलं. काचेचे टच पॅनल लावायचे आणि पंखा, दिवा, गिझर, सगळं मोबाईलवरून चालवायचं. त्यासाठी गिऱ्हाइकाला अ‍ॅपमध्ये खातं उघडावं लागतं, पासवर्ड लक्षात ठेवावा लागतो. इथंच सगळे कंटाळायचे. "तुमचाच नंबर टाका की," म्हणायचे. मी टाकत गेलो. होता होता एकतीस घरं माझ्या फोनमध्ये येऊन बसली. लोक फोन करायचे, मी बटण दाबायचो. कंपनीने असं काही स्वप्नातही पाहिलं नसेल!

*

एकदा घरातून निघताना मी ऐटीत 'सगळं बंद' दाबलं. आमचा पंखा आपला फिरतोच आहे. बंद झालं होतं गोरखनानांचं घर. नाना ऊसवाले, त्या दिवशी त्यांच्याकडे सोयरीक जमवायला पाहुणे आलेले. लोडशेडिंग समजून मंडळी तासभर घाम पुसत जेवली. नानांनी बोलावलेला वायरमन खांबावर चढला तेव्हा कुठे मला कळलं. मी गुपचूप 'चालू' दाबलं.

वायरमनचा त्या दिवशी टोपी देऊन सत्कार झाला.

*

बायकोला याचं कौतुक शून्य. एकदा शांतपणे म्हणाली, "एकतीस घरांचे दिवे लावता. आपल्या देवघरातला बल्ब गेलाय, चार दिवस झाले."

*

मग कंपनीचा मेल आला. महिनाअखेर सर्व्हर बंद, अ‍ॅप बंद. आणि या पॅनलला सर्व्हर नसेल तर हातानेसुद्धा काही चालत नाही. कंपनी कुठल्या शहरात आहे कुणाला माहीत, आम्ही मात्र बाजारपेठेत बसतो. माणसं आमच्या शब्दावर भिंती फोडू देतात. तो शब्द गेला तर दुकानात राहिलं काय?

दिलीप तावातावाने कस्टमर केअरशी भांडायला बसला. पलीकडची मुलगी निघाली नाशिकची. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, माझीही नोकरी महिनाअखेरपर्यंतच आहे. तुमच्या दुकानात काही जागा आहे का?"

दिलीपने भांडण सोडलं आणि तिचा बायोडेटा मागवला.

*

आम्ही घरोघरी जाऊन साधे खटक्याचे स्विच बसवायला लागलो, मजुरी न घेता. नानांकडे जाताना मी शिव्या खायची तयारी ठेवली होती. नानांनी नवा स्विच आठ-दहा वेळा दाबून पाहिला.

"हे लई फास्ट हाय," ते म्हणाले. "आदी का न्हाई दिलं?"

*

शेवटचं घर साळवे मॅडमचं. मिशनच्या शाळेतून रिटायर झालेल्या, एकट्या राहतात, मुलगी परदेशी. बोटं थरथरतात, त्यामुळे काचेच्या पॅनलला त्यांचा हात कळायचाच नाही. म्हणून रोज सकाळी साडेसहाला मला फोन, "गिझर लावा." मी लावायचो. मग चहा झाला का, दिलीपचा गुडघा कसा आहे, अशा दोन गोष्टी व्हायच्या.

नवा स्विच त्यांनी स्वतः दाबून पाहिला. पहिल्याच दणक्यात लागला. "चला, आता तुम्हाला रोजचा त्रास नाही," त्या म्हणाल्या. मी हसलो, पण परत येताना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला फोन वाजला. मी धडपडत उचलला.

"काय झालं मॅडम, स्विच बिघडला का?"

"नाही हो. गिझर लावलाय मी. म्हटलं, तुम्हाला कळवावं."